चार खिशांची पिशवी

बोरी अरबच्या इंदूबाईच्या घरात एकदा शिरलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नसे. सुती साडीचंच घ्या. आधी ती लग्नाकार्याला नेसायची, मग रोजची व्हायची, मग कामाची. काठ विरले की तिचा दाराला पडदा व्हायचा. पडदा उन्हानं पांढरा पडला की तो गोधडीच्या पोटात जायचा. गोधडी फाटली की पायपुसणं, आणि पायपुसण्यानंही जीव सोडला की मशीनचं तेल पुसायच्या चिंध्या. त्याही संपल्या की चुलीत, आणि चुलीतली राख भांडी घासायला. तिचा नवरा उकंडा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की या घरात आपण एका जागी फार वेळ बसत नाही, बाई कात्री घेऊन येईल.

पाण्याचंही तसंच. न्हाणीपासून तिनं अंगणात एक पाट काढला होता. आंघोळीचं पाणी आधी लिंबाच्या झाडाला, उरलं तर वांग्यांना. तांदूळ धुतलेलं पाणी आणि भाजीचे देठ बकरीला, बकरीच्या लेंड्या वांग्यांना आणि वांगी माणसांना. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घाटंजीकडच्या तिच्या माहेरी विहीर लांब होती आणि आईच्या डोक्यावर कायम पाण्याचा गुंड असायचा. त्या घरात वाढलेल्या पोरीला पाणी नुसतं वाहून जाताना बघवत नाही, इतकंच. उकंडाची यावर एकच तक्रार होती. त्याच्या मते घरच्या लिंबाला साबणाचा वास यायचा. इंदूबाई म्हणायची, मग आंघोळ करताना साबण कमी लावा.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बियाणं महाग, भाव पडलेला. जिनिंग कधी चालायचं, कधी बंद राहायचं, त्यामुळे उकंडाही बरेच दिवस घरीच असायचा. इंदूबाई शिवणकाम करायची. वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांचा शिवणवर्ग भरला होता तेव्हा ती शिकली होती, आणि गावातली अर्धी पोलकी तिच्या हातची होती. पण या वर्षांत नवं पोलकं शिवायला कुणी येईना. जुनं सैल करून द्या, मोठ्याचा शर्ट धाकट्याला बसवून द्या, झिजलेली कॉलर उलटून द्या, अशीच कामं. तिचं मशीन नव्या कापडाचा वास विसरून गेलं.

अशात एके दिवशी उकंडानं बाजारातून जिलेबी आणली. जिलेबी माणसांनी खाल्ली आणि पाकानं चिकट झालेली प्लॅस्टिकची निळी पन्नी वाऱ्यानं अंगणात गेली. थोड्या वेळानं इंदूबाईनं बघितलं तर बकरी भिंतीला पाठ लावून उभी, तोंड वर, आणि तोंडातून निळं शेपूट लोंबतंय. इंदूबाईनं एका हातानं बकरीचं शिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं पन्नी ओढायला सुरुवात केली. ती ओढेल तशी पन्नी लांब होत गेली. जादूगार तोंडातून रुमाल काढतो, तसा तो प्रकार चालला. शेवटी पन्नी सुटली, इंदूबाई मागच्या मागे वांग्यांत बसली, आणि बकरीनं तिच्याकडे असं बघितलं की जणू हिनंच तिच्या तोंडचा घास काढला.

इंदूबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि ती पन्नी उकंडासमोर धरली.

"चारी बाजूनं कापूस, अन् घरात सामान येते पन्नीत," ती म्हणाली. "आतापासून ह्या घरात पन्नी नाई."

उकंडानं मान डोलावली. बकरी वाचली होती, वांग्याची दोन झाडं मोडली होती, आणि अशा वेळी मान डोलावणंच बरं हे त्याला माहीत होतं.

पण सवय अशी एका दिवसात जात नाही. तिनं शिवून दिलेली पिशवी दाराच्या खिळ्यालाच राहायची आणि हा रिकाम्या हातानं बाजारात पोचायचा. मग टमाटे दुपट्ट्यात बांधून आणायचे, मिरच्या सदऱ्याच्या खिशात. हे कसंबसं निभावलं. एका बाजाराला मात्र त्याला मासळी घ्यायचा मोह झाला. मासळीवाली पन्नी देत होती, हा नको म्हणत होता. शेवटी तिनं पळसाच्या पानांत मासे गुंडाळून दिले. अर्ध्या वाटेत पान फाटलं. उकंडा दोन्ही हातांत मासे धरून भर रस्त्यानं घरी आला तेव्हा मागं गावातली झाडून सगळी कुत्री होती, आणि ती वरातीसारखी शिस्तीत चालत होती. त्यानंतर तो पिशवीची घडी सदऱ्याच्या खिशातच ठेवू लागला. विडी विसरायचा, पिशवी नाही.

ही वरात पाहिलेल्या बायकाच पुढं इंदूबाईकडे आल्या. त्यांनाही पन्नीचा वैताग होताच. नाल्या तुंबायच्या, गुरं पन्न्या खायची, उन्हाळ्यात त्या वाऱ्याबरोबर बाभळींना लटकायच्या. इंदूबाईनं त्यांना एक सोपी रीत घालून दिली. जुनं कापड तुम्ही आणा, पिशव्या मी शिवते. एक पिशवी तुमची, दुसरी मी मला वाटेल त्याला देईन. मशीन असंही रिकामं होतं.

बघता बघता बाजाराचा रंग बदलला. बँडवाल्यांनी टाकून दिलेला लाल गणवेश सोनेरी पट्टीसकट कांदे वाहू लागला. शाळेच्या जुन्या पडद्यातून ज्वारी घरोघर गेली. एका पिशवीला वर नाडा होता, ओढला की तोंड बंद. ती फार सोयीची निघाली आणि सगळ्यांना तशीच हवी झाली. पण ती मुळात कुणाच्या परकराची होती, हे इंदूबाईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. लोकांना नवाच छंद लागला. समोरून कुणी आलं की तोंडाआधी पिशवी बघायची आणि कापड ओळखायचं.

याच दिवसांत विमलताई तिच्याकडे पोलकं सैल करायला आली. विमलताई म्हणजे वामनरावांची बायको. वामनरावांचं शेत मोठं, कापूस, तूर, सोयाबीन सगळं असायचं, आणि एके काळी ते गावच्या सोसायटीचे संचालकही होते. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. विमलताईनं पिशव्या उलटसुलट करून बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळून काहीतरी घेऊन आली. आत एक बिस्किटी रंगाचा सफारी होता. कापड जाड, शिलाई शहरातल्या मास्तरची, वरच्या अंगाला चार खिसे. इंदूबाईनं विचारलं, भाऊंना विचारलं का. विमलताई म्हणाली की ट्रंकेत डांबराच्या गोळ्या खाऊन तो सफारी जगतो आहे, आणि नवऱ्याच्या पोटावर त्याची बटणं या जन्मात लागत नाहीत. त्यात विचारायचं काय.

इंदूबाईनं पॅन्टची पिशवी विमलताईला दिली. वरच्या अंगावर मात्र ती दोन दिवस विचार करत बसली. खिसे उसवायला तिचं मन होईना, इतके नीट बसवले होते. शेवटी तिनं ते बाहेरच्या बाजूला तसेच ठेवले आणि त्याची एक ऐसपैस पिशवी केली. ही पिशवी कुणाला द्यायची हे तिला लगेच सुचलं. तांड्यावरची मानीबाई बाजारात भाजी विकायची, आणि तिला सुटे पैसे, नोटा, तंबाखू सगळं कमरेच्या एकाच चंचीत कोंबावं लागायचं. मानीबाईनं पिशवी खांद्याला लावली, एकेका खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाली की आता मी दुकानदारीण झाले.

त्याच बाजाराला वामनराव चहा प्यायला आले होते. भाजी आणायला ते कधीच येत नसत, ते बायकांचं काम. चहावाल्याकडून परतताना त्यांची नजर मानीबाईच्या खांद्यावर गेली आणि ते जागच्या जागी थांबले.

"हा माया सफारी हाय," ते म्हणाले.

मानीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "सफारी कुठं? हे पिशवी हाय, भाऊ. वांगे देऊ का?"

वामनरावांनी खालच्या डाव्या खिशावरचा विड्याचा डाग दाखवला. दारव्ह्याला मोठी सभा होती, ते भाषणाला उभे राहिले होते आणि शेजारच्यानं टाळ्या वाजवता वाजवता पान सांडलं होतं, असं सगळं त्यांनी तिला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं. मानीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग डाग घेऊन जा," ती म्हणाली. "पिशवी नाई भेटत."

लोक हसले. वामनराव घरी गेले आणि त्यांनी ट्रंक उघडली. त्यानंतर बरेच दिवस ते विमलताईशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचे, पण बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात. आज भाजीत मीठ कमी होतं, हे बैलाला कळलं. सकाळी लवकर वावरात जायचं आहे, हेही बैलालाच कळलं. विमलताई चुलीपुढून बैलाला उत्तर द्यायची.

शेवटी ते इंदूबाईकडे आले. या वस्तीत ते पूर्वी यायचे ते मतं मागायला, आणि तेव्हा अंगणातच उभे राहायचे. कुणी बसा म्हटलं तर घाई आहे म्हणायचे, पाणी विचारलं तर आत्ताच प्यालो म्हणायचे. आताही ते उभेच राहिले. इकडचं तिकडचं बोलून मग त्यांनी विचारलं की त्या पिशवीचा परत सफारी होईल का.

इंदूबाईला हसू आलं, पण तिनं ते दोऱ्याबरोबर दातात धरलं. "उसवता येते, भाऊ. पण बाह्या कापल्या, गळा कापला. आता जोडलं तर ठिगळं दिसतीन. तसा घालान का?"

वामनरावांनी नको म्हणून हात हलवला. मग म्हणाले की पिशवी तर पिशवी, पण ती आपल्या घरात पाहिजे. बाजारात कांद्यामिरचीत नको.

इंदूबाईनं मानीबाईला जाऊन विचारलं. मानीबाई तयार झाली, पण तिची अट होती. तिला अशीच पिशवी पाहिजे, जाड कापडाची, आणि खिसे एकही कमी नको. आता असं कापड गावात फक्त त्याच ट्रंकेत उरलं होतं, आणि ते इंदूबाईला विमलताईकडून कळलं होतं. वामनरावांचा दुसरा, राखाडी सफारी. हा त्यांनी लेकीच्या लग्नात घातला होता. इंदूबाईनं त्यांना तसं सांगितलं. ते तडक निघून गेले, आणि त्या दिवशी बैलाला बरंच ऐकून घ्यावं लागलं असं विमलताई म्हणाली.

थोडे दिवस गेले आणि एका सकाळी ते काखेत पुडकं घेऊन अंगणात आले. पुडकं देऊन जातील असं इंदूबाईला वाटलं. पण एक सफारी पाठीमागं कापला गेला होता, दुसरा त्यांना आपल्या डोळ्यांसमोर कापून हवा होता. कात्री कुठून फिरते ते दारातून नीट दिसेना. ते एक पायरी चढले, मग दुसरी, आणि शेवटी मशीनजवळच्या बाजेवर बसले.

मशीन चालू लागलं तसं त्यांचं तोंडही सुरू झालं. बिस्किटी सफारी सोसायटीत निवडून आल्यावर शिवला होता. तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागायची. आपण रस्त्यानं निघालो की लोक थांबवून विचारायचे, भाऊ, औंदा पेरू का नको, थांबू का विकू. राखाडी शिवला तोवर विचारणारे कमी झाले होते, पण लेकीच्या लग्नात मांडव भरला होता. आता कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी काय सांगणार, आपल्यालाच काही समजत नाही.

इंदूबाईनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. तिला आत्तापर्यंत वाटत होतं की हा माणूस कापडासाठी रुसला आहे. तिनं दोरा तोडला आणि राखाडी कापडाची कड जरा जास्तच जपून दुमडली.

मग तिनं चहा ठेवला. बकरी आटलेली होती, म्हणून काळाच चहा केला आणि त्यात अंगणातलं लिंबू पिळलं. स्टीलचा पेला तिनं बाजेच्या कडेला ठेवला आणि परत मशीनवर येऊन बसली, मुद्दाम पाठ करून. उकंडा दारात बकरीला बांधायचं निमित्त काढून उभा होता. दोरीला गाठ मारून झाली, सुटली, परत मारून झाली. वामनरावांनी पेल्याकडे पाहिलं. मग उचलला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. उकंडाचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं. त्याला साबणाची काळजी होती.

"चहा चांगला झाला," वामनराव म्हणाले आणि पेला रिकामा करून खाली ठेवला.

पुढच्या बाजारात देवघेव झाली. मानीबाईनं राखाडी पिशवीचे खिसे मोजून घेतले आणि आत हात घातला तर तिला आणखी एक चोरखिसा सापडला. तो इंदूबाईनं मुद्दाम ठेवला होता. मानीबाईनं लगेच बिस्किटी पिशवी रिकामी करून वामनरावांच्या हातात दिली. आपण फायद्यात राहिलो हे तिनं लपवलंही नाही.

विमलताईला वाटलं, आता ही पिशवी ट्रंकेत जाईल आणि परत डांबराच्या गोळ्या खाईल. तसं झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात वामनराव स्वतः पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले. वाटेत कुणी ना कुणी थांबवायचंच, हा तुमचा तोच सफारी का म्हणून, आणि मग विड्याच्या डागाची गोष्ट पहिल्यापासून व्हायची. दर बाजाराला त्या सभेतली माणसं वाढत गेली. लोक थांबत होते, ऐकत होते, आणि निघताना कपाशीवरच्या रोगाचं काही विचारतही होते. एवढ्या गडबडीत भाजीकडे कोण बघणार. मानीबाई त्यांच्या पिशवीत सगळी किडकी वांगी टाकायची. विमलताईनं तक्रार केली तर म्हणायची, भाऊ बोलत असले की मला मध्ये तोडवत नाही.

वामनरावांना पन्नीचा राग मात्र आता इंदूबाईपेक्षा जास्त येऊ लागला. कुणाच्या हातात पन्नी दिसली की ते त्याला थांबवायचे आणि घरी एकही जुना सदरा नाही का, असं विचारायचे. या चौकशीला घाबरूनच काही माणसं पिशवी वापरायला लागली. काही मागच्या गल्लीनं जाऊ लागली. पन्नी गावातून गेली असं काही झालं नाही, पण नाल्या पुष्कळ मोकळ्या वाहू लागल्या. विमलताईच्या घरीही न्हाणीचं पाणी आता परसातल्या केळीला जात होतं. तो पाट वामनरावांनी स्वतः काढला होता. तो चढावर काढल्यामुळे पाणी आधी न्हाणीतच परत यायचं, मग विमलताईनं कुदळ घेऊन नीट केला.

पुढं दोन-तीन हंगामांनी कापसाचा भाव थोडा सावरला. लग्नसराईला नवी पोलकी आली, इंदूबाईला पिशव्यांना वेळ पुरेना. तेव्हा विमलताई एक दिवस दुपारची आली, बाजेवर बसली आणि म्हणाली की मला मशीन शिकव. या वयात हे काय, असं इंदूबाईनं विचारलं नाही. तिनं स्टूल सरकवून दिलं. त्यानंतर विमलताई रोज जेवणं आटोपली की यायची. आधी दोरा तुटायचा, मग सुई, मग विमलताईचा धीर. दोघी मधे चहा घ्यायच्या, आणि विमलताई नवऱ्याबद्दल जे बोलायची ते ऐकून उकंडा उगाच बाहेर जायचा.

होता होता तिची पहिली पिशवी पुरी झाली. जुन्या चादरीची, फुलाफुलांची. विमलताईनं ती उन्हात धरून पाहिली. टाके सरळ होते, बंद दोन्ही सारखे होते. वामनरावांना दाखवायला ती घडी घालायला लागली, आणि घडी घालता घालता तिनं पिशवीत हात घालायला पाहिलं. हात कुठूनच जाईना. खालून शिवलेली, दोन्ही बाजूंनी शिवलेली, आणि वरूनही तितक्याच सरळ टाक्यांनी शिवलेली.

"इंदू," ती म्हणाली, "ह्याच्यात भाजी कुठून टाकू व?"

इंदूबाईनं पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग दोघींचा तोल सुटला. विमलताई पदर तोंडावर घेऊन हसत होती, इंदूबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाहेर उकंडा काय झालं म्हणून डोकावत होता. जरा ओसरल्यावर इंदूबाईनं मशीनच्या खणातून ब्लेड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"टाके मस्त पडले," ती म्हणाली. "आता एक बाजू उसव."